टिंब डोक्यावर, टिंब पायाशी

मी शिवणाचा वर्ग चालवते. नऊ मशिनी, नऊ मुली, एक खिडकी. कुणाची सुई मोडायच्या दोन टाके आधी मी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओरडते, "थांब! आधी बॉबिन बघ." मुलींना वाटतं, बाईंना काहीतरी सिद्धी आहे. सिद्धी कसली? मशीन बिघडायच्या आधी तिचा आवाज बदलतो. तो मला ऐकू येतो, त्यांना येत नाही, एवढंच. हा कान मला फागू मास्तरांनी दिला. खरं तर ते मला पेटी शिकवत होते. तीन वर्षं शिकवली. पेटी आली नाही, कान आला. पेटीशी माझा संबंध तेव्हाच संपला, कान अजून रोज कामात आहे.

गोष्ट इंग्रजांच्या राज्यातली. माझे वडील गोंदियाच्या स्टेशनात मालबाबू होते आणि स्टेशनामागच्या मुलींच्या शाळेत मी शिकत होते. फागू टेंभरे तिथले गायनमास्तर. ते गोंदियाजवळच्या गोरेगावकडचे पोवार. घरी धानाची शेती. आपले पूर्वज माळव्यातून आले हे पाहुण्याला पाणी देतानाच सांगायची त्यांच्या घरी रीत होती. त्या साऱ्या कुळात नांगर सोडून दुसरं काही हाती धरणारा हा पहिला माणूस. त्यांनी क्लॅरोनेट धरलं. रेल्वेच्या बँडात बरीच वर्षं वाजवलं, आणि तिथल्या गोऱ्या बँडमास्तराकडून कागदावरचं संगीत वाचायला शिकले. मग त्यांचे पुढचे दोन दात पडले. पहिला सीताफळाच्या बीवर गेला आणि दुसरा त्याच्या सोबतीला गेला, असं ते सांगत. दातांशिवाय क्लॅरोनेट तोंडात टिकत नाही. पेटीला दात लागत नाहीत, म्हणून ते पेटीकडे वळले.

दात गेल्यामुळे त्यांचा 'सा' 'शा' असा बाहेर पडायचा. आम्ही ऐकून शिकणाऱ्या. सहा महिन्यांत सगळा वर्ग 'शा रे ग म' म्हणू लागला. हेडमास्तरीणबाईंनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, याचा जाब विचारला तेव्हा मास्तर जराही न लाजता म्हणाले, "कान चांगले आहेत जी पोट्ट्यायचे. जसं देलं तसं घेतलं."

अंगात बँडाचा जुना कोट, पितळी बटणांपैकी चार शाबूत. खांद्यावर गमछा. काखेत स्वरलिपीची वही, आणि ती वही दुधाच्या भांड्यासारखी पातळ फडक्यानं झाकलेली. पान उघडायचं ते फडकं बाजूला करून, आणि काम झालं की लगेच झाकायचं. मी एकदा विचारलं, "मास्तर, वही नासते का?"

"माशा बसते वो," ते म्हणाले. "माशी बसली का शूर बदलते."

मला वाटलं, म्हातारा विक्षिप्त आहे. तसे ते म्हातारेही नव्हते. दात नसले की माणूस उगाच म्हातारा वाटतो.

त्यांच्याकडे पहिले चार महिने पेटीला हात लावायला मिळत नसे. आधी ऐकायचं. शाळेच्या मागून अरुंद रुळांवरची छोटी गाडी जायची. तिची शिटी झाली की मास्तर खडू वर धरत आणि सगळा वर्ग गप्प. "कोनता?" आम्ही स्वर ओळखायचा. चुकलं तर पुढच्या गाडीपर्यंत उभं राहायचं. गाडी उशिरा आली की आमचे पाय दुखत. रेल्वेच्या कारभारावर आम्ही मुली मोठ्या माणसांपेक्षा जास्त रागावलेल्या असू. घंटा, बादली, मोठ्या बाईंच्या किल्ल्या, सगळ्याला स्वर होता. घरी जाऊन मी आईला सांगितलं, की आपला भाताचा पितळी गंज पंचमात आहे आणि झाकण कोमल निषादात, म्हणून त्यांचं जमत नाही. आई म्हणाली, "दोन्ही घासून आण. मग जमेल."

गोरेगावच्या बाजारातला प्रसंग मी डोळ्यांनी पाहिलेला. मास्तरांच्या घरच्यांबरोबर बैलगाडीतून मी गेले होते. मास्तरीणबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, माठ आणायला सांगितला. मास्तर कुंभाराच्या समोर उकिडवे बसले आणि एकेका मडक्याला टिचकी मारून कान लावू लागले. सगळेच तसं करतात, तडा नाही ना बघायला. पण दोन-तीन मडक्यांवर भागतं. मास्तर विसाव्या मडक्यावर गेले तेव्हा कुंभार म्हणाला, "मास्तर, माठ घ्याचा आहे का वाजवाचा आहे?"

"घ्याचाच आहे गा. पन मले गंधार पाह्यजे."

"गंधारचा माल आपल्यापाशी नाई," कुंभार म्हणाला. "देवरीकडून येत असन तं मालूम नाई."

शेवटी गंधार सापडला. तो माठाचा धाकटा नातू असावा इतका लहान होता. घरी सहा माणसं. मास्तरीणबाईंनी त्यात पाणी ओतलं, ते दीड तांब्यात भरलं. त्या म्हणाल्या, "सहा जनायले पानी पाजू का गंधार पाजू?" दुसऱ्या दिवशी ते मडकं वर्गात आलं आणि कोपऱ्यात पालथं बसलं. पेटी उघडायच्या आधी मास्तर त्याला टिचकी मारत. पावसाळ्यात पेटीचा स्वर हलायचा. मडकं हललं नाही.

एवढं कान-कान केल्यावर जे व्हायचं तेच झालं. आम्ही डोळ्यांनी वाचणं सोडून दिलं. मास्तर एकदा वाजवून दाखवत, आम्ही ते पाठ करत आणि समोर वही ठेवून वाचल्याचं सोंग करत. मी तर पान उलटायचंही बरोबर वेळेला उलटत असे. एक दिवस मास्तरांनी आधी वाजवून दाखवलेल्या चालीची शेवटची ओळ फळ्यावर गुपचूप बदलून लिहिली. आम्ही पाचही जणींनी डोळे फळ्यावर रोखून जुनीच ओळ वाजवली.

मास्तर खडू खाली ठेवून खुर्चीवर बसले. आमच्याकडे गावाकडच्या बोलीत ळ चा र होतो. ते म्हणाले, "डोरे कायले देले देवानं? काजर लावाले?"

आम्ही पाच जणी म्हणाले, कारण सहावीनं नवीन ओळ वाजवली होती. ती गोमती.

गोमती ही स्टेशनासमोरच्या हलवायाची मुलगी. घरी हिंदी, शाळेत मराठी, आणि कानाच्या बाबतीत सपशेल कोरी. शिटी, घंटा आणि मडकं तिला सारखीच. "मास्टरजी, मुझे तो सब एक जैसा सुनाई देता है," असं ती पहिल्याच आठवड्यात सांगून मोकळी झाली होती. पण ती सांगितलेलं करायची. म्हणजे अगदी सांगितलेलंच. एकदा तिच्या आईनं "मी येईपर्यंत दूध हलवत राहा" असं सांगितलं आणि शेजारी जाऊन बाळंतिणीपाशी अडकली. आई परतली तेव्हा दुधाचा खवा होऊन गेला होता आणि गोमती तो हलवत होती.

स्वरलिपीत स्वर अक्षरांनीच लिहितात. अक्षराच्या डोक्यावर टिंब असेल तर तो वरच्या सप्तकातला, पायाशी टिंब असेल तर खालच्या सप्तकातला. गोमतीनं पहिल्या दिवशी टिंबाचे 'रे' आणि 'ग' पाहिले आणि ते अनुस्वार समजून "रें, गं" असं नाकातून वाचलं. सगळा वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. "हा अनुस्वार नोहे, शिडी होय. टिंब डोक्यावर तं चढाचं. टिंब पायाशी तं उतराचं. टिंब नाई तं जमिनीवर चालाचं. आपल्या मनानं काईच कराचं नाई." गोमतीनं मान हलवली. हे तिला जमण्यासारखं होतं.

त्या फळ्याच्या दिवसापासून मास्तरांनी डोळ्यांची शाळा काढली. खांद्यावरचा गमछा आमच्या हातांवर पसरायचा, म्हणजे पट्ट्यांकडे बघता येऊ नये. शिवाय एक पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन ते आम्ही वाजवत असलेलाच स्वर झाकत जात, म्हणजे डोळ्याला पुढं पळावंच लागे. "डायवर चाकं पाहत नाई. सिंगल पाहते." सुरू करण्याआधी एक श्वासभर सगळं पान नजरेखालून घालायचं, टिंबं कुठं आहेत ते पाहून ठेवायचं. आणि एकदा सुरू केलं की चुकलं तरी थांबायचं नाही. मी थांबले की त्यांचा आवाज यायचा, "काऊन वो मालबाबूची पोट्टी, मधातच गाडीतून उतरून राहिली का? ठेसन आलं नाई अजून!"

मी सारखी उतरत होते. गोमती कधीच उतरली नाही. आपण वाजवतोय ते गोड आहे की कडू हे तिला कळत नसे, त्यामुळे दचकून थांबायचं कारणच नव्हतं. मास्तर एकदा मला म्हणाले, "तुह्ये कान अन् तिचे डोरे एकाच पोट्टीले भेटले असते, तं माही नोकरी पक्की होती."

नोकरीचा विषय खरा होता. मास्तरांची जागा हंगामी होती. मागच्या तपासणीत आमच्या परीक्षेच्या वेळी ते बाजूला उभे राहून भुवयांनी स्वर सुचवत होते, आणि ते पकडलं गेलं. आता नागपूरहून नव्या इन्स्पेक्टरीणबाई येणार होत्या. त्या स्वतः लिहून आणलेली, कुणी न पाहिलेली चाल एका मुलीपुढं ठेवणार. मुलीनं ती वाचून वाजवली तर मास्तरांची जागा कायम. नाही तर गायनाचा तास बंद आणि त्या जागी शिवण. मी पुढं शिवणच शिकवायला लागले, हे मास्तरांना सांगायचं धाडस मला कधी झालं नाही.

जागा गेली असती तर मास्तरांना मेहुण्याच्या भातगिरणीत बसायला लागणार होतं. गिरणीत पगार वाईट नव्हता. पण मास्तर एक दिवस तिथं बसून आले होते ते गमछा कानाला बांधूनच परतले. "चार मशिनी, चार शूर, अन् एकाचं दुसऱ्याशी पटत नाई," ते मोठ्या बाईंना सांगत होते. "मी महिनाभर नाई टिकत जी. येडा होईन." मोठ्या बाई म्हणाल्या, "मास्तर, लोक पोटासाठी काय काय ऐकतात." त्यांचंही खरं होतं. त्या रोज आमचं गाणं ऐकत होत्या.

तपासणीच्या दिवशी इन्स्पेक्टरीणबाई आल्या. सडपातळ, चष्मा, हातात कापडी पिशवी. आधी त्यांनी मास्तरांना व्हरांड्यात उभं केलं आणि दार लावून घेतलं. "भुवया बाहेर राहू द्या," त्या म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून बघू लागल्या. आम्ही पाच जणींनी पायांच्या बोटांकडे पाहिलं. गोमतीला पायाकडे बघायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती समोर बघत होती.

"तू ये. नाव काय?"

"गोमती."

खिडकीतून मला मास्तरांची टोपी दिसत होती. ते नाव ऐकून ती टोपी आनंदानं वीतभर उडाली. सहांतून नेमकी ही! मला वाटतं, मास्तरांनी त्या क्षणी भातगिरणीला मनातून कुलूप घातलं असावं.

बाईंनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. त्याच्या एका कोपऱ्याला तुपाचा डाग होता. पिशवीत पेढेही असावेत. कागदावर तीन ओळी. गोमतीनं तो पेटीवर टेकवला आणि गमछा मागितला. बाईंना काही कळेना. आम्ही आमच्यातलीच एक ओढणी दिली, तिनं ती हातांवर पसरली, एक श्वास घेऊन कागद पाहिला आणि सुरू केलं.

पहिली ओळ स्वच्छ. दुसरीही. बाईंनी मान डोलावली. तिसरी ओळ पहिल्यासारखीच निघाली, आणि चालता चालता त्यातला 'रे' एकदम टुणकन वरच्या सप्तकात उडाला. परत खाली आला, चार पावलं नीट चालला, आणि 'ग' धपकन खालच्या सप्तकात पडला. जणू कुणी जिना चढताना मधेच कौलावर उडी मारावी आणि तिथून विहिरीत. मागं मुली खुसखुसल्या. मी डोळे मिटले. गोमती थांबली नाही. ओळ संपवून तिनं हात मांडीवर ठेवले.

"शेवटची ओळ चुकली," बाई म्हणाल्या.

"नहीं बाई. ऐसाच लिखा है."

"हे मी लिहिलंय."

"तो फिर आपने ऐसाच लिखा है."

बाईंनी बसल्या जागेवरून चष्म्याआडून तिच्याकडे पाहिलं. "परत वाजव." गोमतीनं परत वाजवलं. 'रे' तिथंच उडाला, 'ग' तिथंच पडला. बाईंनी फाऊंटन पेनचं टोपण काढलं आणि शेऱ्याची वही पुढं ओढली.

तेवढ्यात बंद दाराबाहेरून आवाज आला. "बाई, तुमच्या कागदावर माशी बसली जी."

कोपऱ्यात बसलेल्या मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. इन्स्पेक्टरीणबाई उठल्या, दार उघडलं. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे होते. भुवया दिसू नयेत म्हणून असावं.

"तुम्ही कागद कधी पाहिला?"

"नाई पाह्यला जी. आयकला. पयली ओर अन् तिसरी ओर एकच होय. पयल्या बारीनं रे जमिनीवर होता, तिसऱ्या बारीनं आभारात गेला. मानूस अशी चाल बांधत नाई. चढला तं कोन्या कारनानं चढते, पडला तं कोन्या कारनानं पडते. बिनकारनाची माशीच बसते."

"मुलगी चुकली असेल."

"चुकनारी पोट्टी दुसऱ्या बारीनं येगरी चुकते," मास्तर भिंतीला म्हणाले. "ही दोन्ही बारीनं तेथीच चुकली. म्हंजे तिनं वाचलं. तिसऱ्या ओरीत रे च्या डोक्यावर पाहा. अन् पुढं ग च्या पायाशी."

बाई पेटीपाशी आल्या. कागद उजेडात धरला. मग करंगळीच्या नखानं 'रे' च्या डोक्यावरचं टिंब खरवडलं. ते निघालं. 'ग' च्या पायाशी खरवडलं. तेही निघालं. नखाकडे त्यांनी एकदा बघितलं आणि रुमाल काढला.

"या शाळेत माशा फार आहेत," त्या शेवटी म्हणाल्या.

इथं कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. मास्तर वळले. "आमच्या नाई जी. कागद आत्ता पिशवीतून निघाला. माशी नागपूरची होय."

मोठ्या बाईंचा दुसरा हातही कपाळाला गेला. भातगिरणीचं कुलूप पुन्हा उघडल्याचा आवाज मला ऐकू आला म्हटलं तरी चालेल. इन्स्पेक्टरीणबाई कागदाच्या तुपकट कोपऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग तो पुन्हा गोमतीपुढं ठेवला. "वाजव."

गोमतीनं ओढणी नीट केली, एक श्वासभर कागद पाहिला आणि तिसरी ओळ वाजवली. पहिलीसारखीच, सपाट आणि शहाणी.

"आता कशी बरोबर आली?" बाईंनी विचारलं.

"अब दूसरा लिखा है," गोमती म्हणाली.

महिन्याभरानं नागपूरहून कागद आला. मास्तरांची जागा कायम झाली होती. शेरा मोठ्या बाईंनी आम्हाला वाचून दाखवला: मुली लिहिलेलं जसंच्या तसं वाचतात, मात्र 'सा' चा उच्चार सुधारावा, गायनशिक्षकांना तपासणीच्या वेळी वर्गाबाहेर उभं करण्यात काही अर्थ नाही. मेहुण्यानं गिरणीत दुसरा माणूस ठेवला. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तो सगळ्यांत जास्त टिकला. गोमती पुढं काय वाजवते याची मी चौकशी केली नाही, पण तिच्या हातचा खवा गोंदियात नावाजलेला होता.

इंग्रज जायच्या आदल्या वर्षी एका लग्नासाठी मी गोरेगावला गेले होते. दुपारी सवड काढून मास्तरांच्या घरी गेले. मास्तरीणबाई अंगणात धान वाळत घालत होत्या. "मास्तरले आता आयकू कमी येते," त्या म्हणाल्या. "म्या हाक मारली तं येत नाई. गंज बेसूर वाजला तं बराबर येते. जा, पडवीत बसून आहेत."

मास्तर बाजेवर बसले होते. पेटी नव्हती. समोर वही उघडी होती, फडकं बाजूला सरकलेलं. लोक वर्तमानपत्र वाचतात तसे ते स्वर वाचत होते, आवाज न करता, आणि उजव्या हाताची बोटं बाजेच्या कडेवर चालत होती. मला त्यांनी पाहिलं नाही. डोळे पुढच्या स्वरावर होते.

एक माशी आली. पानावर फिरली, आणि एका अक्षराच्या डोक्यावर बसली. आता मास्तर फडकं उचलतील म्हणून मी पाहत राहिले. त्यांनी उचललं नाही. माशीकडे नीट पाहिलं, आणि त्यांचा हात बाजेच्या कडेवरून वीतभर उजवीकडे सरकला.

मी दारातच उभी राहिले. ओळ संपल्याशिवाय कुणाला उतरवायचं नाही, हा त्यांचाच नियम. माशी मात्र जागची हलेना, आणि मास्तर वरच्या सप्तकात.